सहावी मंगलाष्टका

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा माझ्या तोंडात जिलबी होती. बारामतीत भिगवण रोडच्या एका मंगल कार्यालयात आमच्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या चुलत भावाचं लग्न होतं. दोन वाजता आम्हाला परत कामावर जायचं होतं, म्हणून अक्षता पडायच्या आधीच आम्ही चौघीजणी मागच्या बाजूला जेवण उरकत होतो. पुढं मांडवात नेहमीचं चाललेलं. कुणाकुणाचे फेटे, कुणाकुणाचे सत्कार, माइकवरून पाहुण्यांना बसून घ्यायच्या विनवण्या. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. हल्ली आमच्याकडं त्या भटजी म्हणत नाहीत. त्यासाठी वेगळे गाणारे बोलावतात, मागं पेटी, तबला, माणसाच्या उंचीचे स्पीकर. पहिलीच ओळ आली आणि मी चावायची थांबले. हा आवाज तर मी रोज सकाळी ऐकत होते. अक्का, पाणी गेलं का गं, असं मोरीतून ओरडणारा.

खरकट्या हातानं मी पुढं गेले. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ती उभी होती. हातात माइक, डोक्यात गजरा, आणि अंगावर माझी जांभळी साडी. खोटं कशाला बोलू, पहिला राग आला तो साडीचा. बाकीचा मागून आला, पण आला तो चांगला तळपायापासून मस्तकापर्यंत आला.

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या. घरची शेती, त्यातली निम्मी शेडनेटखाली, ढोबळी मिरची. आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. मी थोरली. बारावीनंतर रक्त तपासायचा कोर्स केला, बारामतीत एका लॅबमध्ये चिकटले आणि एक खोली भाड्यानं घेतली. धाकटी बी. ए. झाली तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी ठरवून टाकलं की तिनं तलाठ्याची परीक्षा द्यायची. एका सातबाऱ्यावरच्या दुरुस्तीसाठी इंदापूरच्या तहसील कचेरीत हेलपाटे घालून ते पार वैतागले होते. आपल्याच घरात तलाठी असली तर, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. ती माझ्या खोलीवर राहायला आली. बारामतीच्या एसटी स्टँडवर तिची बॅग माझ्या हातात देताना आबा म्हणाले होते की हिला तुझ्या भरवशावर सोडतोय. मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच अवघड गेलं नाही, तीच माझी खोड.

रोज सकाळी आठला ती अभ्यासिकेत जायची, संध्याकाळी यायची. मी डबा करून द्यायची. आणि ही बया माझ्या साड्या नेसून लोकांची लग्नं लावत फिरत होती.

कार्यालयाच्या मागं आचारी पातेली घासत होते तिथं मी तिला गाठलं. गाडीवर बस म्हटलं. ती म्हणाली, थांब, पाठवणीचं गाणं बाकी आहे. म्हणजे मी इथं रागानं पेटलेय आणि हिला पाठवणीच्या गाण्याची पडलेली. तिला तिथंच सोडून मी लॅबमध्ये गेले. त्या दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची शीर मला तीनदा सुई टोचूनही सापडली नाही. ते बिचारे म्हणाले, बाई, तुम्हालाच बरं नाही का.

संध्याकाळी आम्ही भांडलो. खोली दहा बाय बाराची, मी कॉट आणि ओट्याच्या मध्ये येरझारा घालत होते, ती दाराला पाठ लावून उभी. किती दिवस चाललंय हे, विचारलं. आठ महिने, म्हणाली. लपवाछपवी नाही, डोळ्यांत पाणी नाही. दुपारपर्यंत अभ्यासिकेत बसते, मग गाण्याच्या क्लासला जाते, तिथल्या बाईंनीच हे काम मिळवून दिलं, सगळं असं सांगितलं की जणू मीच इतके दिवस विचारायचं विसरले होते. मी नाही नाही ते बोलले. दुसऱ्यांची लग्नं लावशील, तुझं कोण लावील, हे बोलले. मांडववाले आणि वाजंत्रीवाले यांच्यात उठबस करणाऱ्या पोरीला कोण करून घेईल, हेही बोलले. ती ऐकत राहिली, आणि माझा दम संपल्यावर म्हणाली,

"मला तलाठी व्हायचंच न्हाय, अक्का. मला गायचंय. गाऊनच जगायचंय. आबांना सांगायचं तर सांग."

मी सांगितलं नाही. यात माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता, की आठ महिने तू काय झोपली होतीस काय. मी तिला अट घातली, परीक्षा होईपर्यंत काय गायचं ते गा, नंतर बंद. ती बरं म्हणाली. ती पाळणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला.

आता एक कबूल करते. मला तिचा राग होता त्यात आबांचा धाक हा निम्माच भाग होता. निम्मा भाग निराळाच. मी आयुष्यात कशासाठीच घराशी भांडले नव्हते. सायन्स घे, घेतलं. कोर्स कर, केला. भांडावं असं माझ्यापाशी काही नव्हतंच. आणि ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरगी, हिच्यापाशी होतं. रोज संध्याकाळी ती स्वयंपाक करता करता गुणगुणायची आणि मला भांडी आपटावीशी वाटायची. काही वेळा मी आपटलीही.

तरी माणूस कसं असतं बघा. भांडता भांडताच मी तिची कारकून झाले.

त्याचं असं की, आमच्याकडच्या मंगलाष्टकांत आता नुसते देवादिक चालत नाहीत. घरच्यांची नावं लागतात. आजा, आजी, आई, बाप, चुलते, मामा, आत्या, सगळे त्या ओळींत बसवावे लागतात, आणि ज्याचं नाव येईल तो पहिल्या रांगेत ताठ होऊन बसतो. गाणारीनं लग्नाच्या चार दिवस आधी घरी जायचं, नावांची यादी आणायची आणि अष्टकं जुळवायची. ओळीत अक्षरं एकोणीस, त्यातही कुठलं लघु आणि कुठलं गुरू हे ठरलेलं. नावं काय, आईबापांनी वृत्त बघून थोडीच ठेवलेली असतात. धाकटी पाटावर वही ठेवून बोटांवर अक्षरं मोजत बसायची. एकदा एका मामाचं चार अक्षरी नाव काही केल्या बसेना. मी पोळ्या लाटत होते. ते नाव ओळीच्या शेवटाला ने आणि पुढं 'मातुल' लाव, असं मी चिडूनच बोलले, तिची कटकट थांबावी म्हणून. तिनं बोटांवर मोजलं. बसलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला पोळी उलटायचं भान राहिलं नाही.

तेव्हापासून याद्या माझ्याकडं आल्या. लोक यादी देतात ती कशावरही, पत्रिकेच्या मागं, औषधाच्या पाकिटावर, एकावर एक खोडाखोड केलेली. ती मी स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची, म्हातारे वर, पोरं खाली. एकीकडं तोंडानं चालू, की हे काही खरं नाही, परीक्षा जवळ आलीय. दुसरीकडं हातानं उतरवतेय. मला त्याची चटकच लागली म्हणा ना. लॅबमध्ये नळ्यांवर नावं लिहिताना सुद्धा अक्षरं मोजायला लागले होते.

वैशाखात एका रविवारी इंदापूरच्या अलीकडं हायवेलगत एका कार्यालयात तिचं लग्न होतं. म्हणजे तिचं नव्हे, लोकांचं, पण आम्ही दोघी असंच म्हणायचो. मला सुट्टी होती, मीही गेले. बायकांच्या बाजूला शेवटच्या खुर्चीवर बसले, ओळख दाखवायची नाही असं ठरवून. ती उत्तम गायली. पाचवी अष्टका संपली, सावधान झालं, अक्षता पडल्या, हार घातले गेले. आणि पहिल्या रांगेतून नवरदेवाचे एक चुलते उठले. फेटा काढला आणि खुर्चीवर ठेवला.

"आमचं नाव न्हाय ह्यात. म्हंजे आमी ह्या घरातले न्हाय. चला रं."

त्यांच्या मागं त्यांचं सगळं घर उठलं. पंधरा-वीस माणसं सरळ फाटकाकडं निघाली. लग्नात न जेवता निघून जाणं म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. नवरदेवाचा बाप हात जोडून मागं पळतोय, नवरीकडचे कावरेबावरे. मी मात्र खुर्चीला खिळले होते, कारण ते नाव कुठं गेलं हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं.

त्या यादीत एकच नाव दोनदा आलं होतं. घाईत दोनदा लिहिलं असेल म्हणून मी एक खोडलं. आता कुणालाही वाटेल की हिच्या हे लक्षात यायला हवं होतं, आणि यायला हवंच होतं, मी काय लंडनला वाढले नाही. भावकीत एकाच आजोबाचं नाव दोन घरांत दोन नातवांना ठेवतात, मग एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणतात. आमच्या स्वतःच्या भावकीत असे दोघे आहेत. तरी मी खोडलं. धाकटीला विचारलंही नाही, कारण त्या संध्याकाळी आम्ही परीक्षेवरून भांडलो होतो आणि मी अबोला धरला होता.

तिनं स्टेजवरून एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग तिनं माइक तोंडाशी धरला आणि त्या चुलत्यांना थांबायची विनंती केली. चूक माझी आहे, घरच्यांची नाही, अक्षता परत वाटा, अंतरपाट परत धरा, म्हणाली. भटजी कुरकुरले, लग्न लागून गेलं म्हणाले. पण नवरदेवाच्या बापानं स्वतः अंतरपाटाचं एक टोक धरलं. हार घातलेले नवरानवरी पुन्हा समोरासमोर उभे राहिले. आणि तिनं सहावी मंगलाष्टका म्हटली. उभ्या उभ्या रचलेली, वही नाही, कागद नाही. त्यात ते चुलते आले, त्यांची बायको आली, दोन्ही पोरं आली, आणि मागच्या अष्टकांत नीट न बसलेली एक आत्यासुद्धा आली. चुलते फाटकातून परत आले आणि खुर्चीवरचा फेटा उचलून बांधायला लागले. सगळा मांडव हसत होता, टाळ्या वाजवत होता, शंभर मोबाइल वर धरलेले. मी शेवटच्या खुर्चीवर बसून रडले. एवढा अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता, माझा तर नाहीच नाही.

घरी जाताना मी म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, ठाऊक हाय, आणि माझ्या पाठीवर कपाळ टेकवून मागं बसून राहिली.  त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं की आता हिच्या बाजूनं आबांशी मीच बोलायचं.

तेवढं ठरवायलाच मला जमलं. त्या शंभरातला एक व्हिडिओ चार दिवसांत इंदापूर तालुका फिरला आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली कुणीतरी विचारलेलं, ही वरकुट्याच्या कुणाची लेक म्हणायची. दुपारी आईचा फोन आला, दोघी मिळेल त्या गाडीनं या. एसटीत धाकटी खिडकीकडं बसली होती आणि सारखं एकच म्हणत होती, बरं झालं, आता एकदाचं होऊन जाईल. तिला वाटत होतं मी आहे तिच्याबरोबर. तसं वाटायला मीच जागा दिली होती.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. पंधरा दिवसांनी माझी सुपारी फुटायची होती. स्थळ इंदापूरचं, ऊसवाले, कारखान्याचे जुने सभासद, घरात माणसं भरपूर आणि कडक म्हणून नाव. बघायला आले तेव्हा त्यांनी धाकटी काय करते विचारलं होतं आणि मी चहाचा ट्रे धरून सांगितलं होतं, परीक्षा देते. मला तो मुलगा आवडला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून हवंसं वाटलं होतं. एसटी वरकुट्याकडं निघाली तसं माझ्या डोक्यात एकच फिरायला लागलं. बहीण अशी, आणि थोरलीनं सहा महिने झाकून ठेवलं, हे त्यांच्या कानावर गेलं तर.

आबा सोप्यात खाटेवर बसले होते. आई दाराच्या आत. आबा आवाज चढवणारे नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी धाकटीकडं बघितलंच नाही. मला विचारलं,

"तुला ठाऊक व्हतं का?"

मी म्हणाले, "न्हाय, आबा."

एवढंच. दोन शब्द.  मी तिच्याकडं बघू नये म्हणून समोरच्या कॅलेंडरकडं बघत होते. आबा तिच्याकडं वळले आणि म्हणाले, मग कुणाला सांगून जात व्हतीस लोकांच्या घरी? तिला एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. वहीत माझं अक्षर होतं. 

"कुणालाच न्हाय," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. उठले, पायात चपला घातल्या आणि सांगितलं की आता बारामती बंद, परीक्षाही नको, गाणंही नको. हितं घरात राहायचं, मिरचीला हात लावायचा. तिनं एकदाच विचारलं, सात लग्नं घेतलीत, लोकांची अडचण होईल, तेवढी तरी. न्हाय, म्हणाले. ती गोठ्यामागं जाऊन सात घरांना फोन करत राहिली, प्रत्येकाला दुसऱ्या गाणाऱ्याचा नंबर देत राहिली. मी संध्याकाळच्या एसटीनं बारामतीला परत आले, कारण दुसऱ्या दिवशी मला ड्युटी होती. खोलीत तिनं मागाहून आणलेली गाण्याची पेटी होती. ती मी कॉटखाली सरकवली, मग बाहेर काढली, मग परत सरकवली.

सुपारी झाली. लग्न कार्तिकानंतर धरलं. मधले सहा महिने मी दर रविवारी वरकुट्याला जायची आणि ती माझ्याशी नीट बोलायची. हेच तर सहन होईना. शिव्या दिल्या असत्या, वेणी ओढली असती, तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी तिनं माझा कान चावलेला आहे. आता ती म्हणायची, अक्का, चहा ठेवू का. मी तिला एकटीला गाठून दोनदा बोलायला गेले, दोन्ही वेळा तिनं मिरचीचं क्रेट उचललं आणि चालू पडली. तिच्या तोंडून मी गाण्याचा सूर ऐकला नाही. आई सांगायची, न्हाताना पण गात न्हाय.

माझ्या लग्नात मंगलाष्टकांना इंदापूरचा एक गायक ठरवला होता. त्याला यादी हवी होती आणि अष्टकंही जुळवून हवी होती, कारण त्याला गळा होता पण जुळवणी येत नव्हती. आई सहज धाकटीला म्हणाली, तूच दे की लिहून. तिनं एका दुपारी बसून पाचही लिहिली. मला दाखवली नाहीत.

मुहूर्ताला मी अंतरपाटाच्या अलीकडं उभी होते. मामा माझ्या मागं. करवली म्हणून धाकटी मामाच्या शेजारी, हातात कऱ्हा-दिवा. गायकानं सुरुवात केली आणि मला पहिल्याच ओळीला कळलं की हे तिचं आहे. इतकं नेटकं. आमचं सगळं गोत तिनं त्यात आणलं होतं. माझी गेलेली आजी होती. आबांच्या मामेबहिणी होत्या. भावकीतले एकाच नावाचे ते दोघे होते, थोरला आणि धाकटा, दोघेही वेगवेगळे, दोघांनाही आपापली जागा. माझ्या सासरच्या माणसांची नावं तिनं कुठून मिळवली होती देव जाणे, धाकट्या दिरापर्यंत सगळी होती. मी तिच्या नावाची वाट बघत होते. चौथीत नव्हतं. पाचवीत येईल म्हटलं. पाचवीत माझ्या माहेरच्यांना निरोप होता, आई होती, आबा होते, दारातलं पेरूचं झाड सुद्धा होतं. सावधान झालं. अक्षता पडल्या.

मी मागं वळून बघितलं. ती दिवा विझू नये म्हणून त्याच्याभोवती हात धरून उभी होती. कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, ना आईच्या, ना आबांच्या. कुणीही फेटा काढून खुर्चीवर ठेवला नाही. नंतर साडी बदलताना मी तिला विचारलं, तुझं नाव का नाही घातलंस. ओळ भरली होती, म्हणाली, आणि माझ्या पदराला पिन लावून दिली.

सासरी पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हसायची, वाकून नमस्कार करायची, आणि आत सगळं खदखदत असायचं. नवरा चांगला होता, सासूबाई कडक होत्या पण खोट्या नव्हत्या. सहाव्या दिवशी मांडवपरतणीला माहेरी आले आणि बॅग सोप्यात ठेवून, पाणीही न पिता, शेडनेटकडं गेले. आबा बाहेर ठिबकच्या फिल्टरची जाळी धूत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं. आठ महिने तिनं लपवलं, पण त्यानंतरचे सहा महिने मी पण होते त्यात. याद्या मी लिहायची. त्या व्हिडिओतली चूक पण माझीच. मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

आबांनी जाळी खाली ठेवली. बराच वेळ ते हात धोतराला पुसत राहिले. मला वाटलं आता बोलतील काहीतरी वाईट, आणि बोलावं असंच मला वाटत होतं.

"गाण्याचा राग न्हवता गं मला," ते म्हणाले. "पोरगी परक्यांच्या घरी जाती, येती, आणि बारामतीत आपलं माणूस असून त्याला पत्ता न्हाय, म्हंजे उद्या हिचं काय झालं तर कुणाला कळायचं? भ्यालो मी. तू व्हय म्हणली असतीस, तर चार शिव्या देऊन गप बसलो असतो."

 सहा महिने मी स्वतःला समजावत होते की माझ्या बोलण्यानं काही फरक पडला नसता, आबा ऐकलेच नसते, तलाठ्याचं डोक्यात होतं त्यांच्या. सगळं खोटं. तिचं गाणं माझ्या एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द मी माझ्यासाठी राखून ठेवला होता. आबा फिल्टरकडं बघत म्हणाले, जा, तिला सांग, काय करायचं ते कर म्हणावं.

ती आत मिरची तोडत होती. शेडनेटमध्ये दुपारी अंगाची काहिली होते, तिचे केस कपाळाला चिकटलेले. मी सांगितलं, आबांना सगळं सांगितलंय. तुला गा म्हणालेत. तिनं हातातली मिरची क्रेटमध्ये ठेवली, टाकली नाही, ठेवली.

"कधी सांगितलंस?"

"आत्ता."

"लग्न झाल्यावर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती नुसती हिशेबात चूक दाखवावी तसं बोलत होती. "आता खरं बोलायला तुझं काय जातंय, अक्का?"

 ती पुढच्या ओळीला गेली.

ती परत गायला लागली, हे सांगायलाच हवं. सोपं नव्हतं. तो सगळा हंगाम हातचा गेला होता, तिच्या जागेवर दुसरे आले होते, बोलावणी पुन्हा एकेक करून मिळवावी लागली. आता तिच्याशिवाय इंदापूर-बारामतीच्या बाजूला लग्नाची तारीख ठरत नाही असं लोक म्हणतात. जरा जास्तच म्हणतात, पण म्हणतात. याद्या आणायला आबा तिच्याबरोबर मोटारसायकलवर जातात, लग्नात पहिल्या रांगेत बसतात. ज्या सासरच्या भीतीनं मी तोंड फिरवलं, तिथं सासूबाई एका लग्नात शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होत्या, ही आमच्या सुनेची धाकटी. मला तिथं हसावं की डोकं आपटावं कळेना.

दर रविवारी मी वरकुट्याला फोन करते. उचलते तीच. आईचे गुडघे, मिरचीवरचा रोग, माझ्या लेकीचे दात, सगळं बोलते, हसते सुद्धा. मग मी विचारते, गाणं कसं चाललंय गं. ती म्हणते, चाललंय. आणि फोन आईकडं देते.